नाक पुसायच्या आधी

मी पोटासाठी शेंबूड बघायचे. आज हे वाक्य मी सहज लिहून जाते, पण नव्वदच्या दशकात, बारामतीत, लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आईला ते चारचौघांत म्हणता येत नव्हतं. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "दवाखान्यात असती." डॉक्टर का? "न्हाय, तसं न्हाय." मग नर्स? "न्हाय, तसंबी न्हाय." मग पाहुण्यांची नजर माझ्याकडे वळायची, आणि मी पोह्यांच्या बश्या खाली ठेवता ठेवता सांगून टाकायचे की लहान मुलांच्या नाकातला शेंबूड काढून त्याला कुठला रोग धरलाय ते मी मायक्रोस्कोपमधून बघते. एका स्थळाच्या आत्याबाईंनी त्यानंतर पोह्यांना हातच लावला नाही. आईनं माझ्याशी अबोला धरला. माझ्या वाट्याला मात्र दुप्पट पोहे आले, आणि मुलगाही काही फार बरा नव्हता.

आईला मी किती वेळा समजावलं असेल की हे काम शिकलेल्या माणसांचं आहे. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करून मी परत आले तेव्हा बारामतीतल्या मुलांच्या एका दवाखान्यात नुकतंच संशोधन सुरू झालं होतं. दवाखाना चालवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंना आम्ही सगळे ताईच म्हणायचो. ताईंना एकच प्रश्न छळायचा. थंडी पडली की बारामती-इंदापूरकडून तान्ही पोरं यायची, छाती भात्यासारखी चालणारी, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डे पडणारी. न्यूमोनिया म्हणायचा आणि इंजेक्शनं सुरू करायची. पण त्यातल्या काहींना जंतूंनी धरलेलं असतं, त्यांना इंजेक्शन लागू पडतं. काहींना विषाणूनं धरलेलं असतं, त्यांना कितीही सुया टोचल्या तरी उपयोग शून्य. त्यांना लागतो ऑक्सिजन, आईचं दूध आणि धीर. वरून बघितलं तर दोन्ही पोरं सारखीच दिसतात. ओळखायचं तर नाकातला नमुना पुण्याला पाठवायचा, आणि तिथून उत्तर येईपर्यंत पोर घरी जाऊन रांगायला लागलेलं असायचं. कधी कधी उत्तर यायचं आणि पोर उरलेलं नसायचं. ताई त्याबद्दल मोठ्यानं काही बोलायच्या नाहीत, पण तसं पाकीट आलं की त्या दिवशी त्या जेवायला उठायच्या नाहीत.

त्यांना ते उत्तर त्याच दिवशी, बारामतीतच हवं होतं. म्हणून पुण्याचे सर, म्हणजे या संशोधनाचे प्रमुख, त्यांनी एक खास मायक्रोस्कोप आमच्याकडे पाठवला होता. लाकडी खोक्यातून, भुशात बसवून तो आला. चादरी ठेवायची खोली रिकामी करून, खिडकीला काळं कापड ठोकून आम्ही त्याला जागा केली. नमुना धुवायचा, त्यातल्या पेशी स्लाइडवर वाळवायच्या, त्यावर एक चमकणारं औषध टाकायचं, पुन्हा धुवायचं आणि अंधारात बघायचं. विषाणू असला तर पेशी कोवळ्या हरभऱ्यासारख्या हिरव्यागार चमकायच्या. सकाळी पोर आलं तर दुपारपर्यंत उत्तर. पहिल्यांदा तो हिरवा रंग दिसला तेव्हा मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटीच मोठ्यानं हसले होते. कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, पोरीला शेंबूड चढला.

त्या यंत्राचा दिवा फार मानी. वीज गेली आणि दिवा विझला की पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा पेटायचा नाही. आणि बारामतीत वीज जायचीच. मग मी बाहेर पायरीवर बसून शेंगा खायचे आणि वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. दवाखान्यातल्या बायका माझ्याकडून नव्या शिव्या शिकायच्या आणि मी त्यांच्याकडून. एकूण बरे दिवस होते. पगार बेताचा होता, पण रोज सकाळी लुनाला किक मारताना मला दवाखान्यात जायची घाई झालेली असायची, आणि हे सुख पुढे मोठ्या पगाराच्या नोकरीतही मला नेहमी मिळालं असं नाही.

सगळी पोरं दवाखान्यात येत नसत. म्हणून आमची जीप गावोगाव जायची. एका बाजूला निमगाव केतकी. तिथं बाजाराच्या दिवशी आमची माणसं सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर बसायची. बाजाराला आलेल्या बायका खोकणारी पोरं त्यांच्यापुढे धरायच्या आणि पिशवीतली मेथी सांभाळत विचारायच्या, "लवकर व्हईल का ओ? गाडी चुकंल." दुसऱ्या बाजूला डाळज, पळसदेव, म्हणजे उजनीच्या पाण्याकडचा पट्टा. तिथं बाजार नव्हता म्हणून आम्ही आदल्या दिवशी दूध गोळा करणाऱ्या गाडीबरोबर निरोप पाठवायचो: उद्या दवाखान्याची जीप येतेय, कुणाचं पोर खोकत असेल तर घरीच थांबा. नमुने बर्फात ठेवून आणावे लागत. बर्फ मिळायचा भिगवणला, मासळीच्या बाजारात. त्यामुळे आमच्या पेटीला मरळ आणि कटल्याचा असा काही वास चिकटला होता की जीप दवाखान्यात शिरली की मांजरं गोळा व्हायची.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. निमगावच्या स्लाइडी उत्तम यायच्या. डाळज-पळसदेवच्या कोऱ्या. नुसत्या कोऱ्या असत्या तर म्हटलं असतं, त्या गावांत हा विषाणू नाही. पण पेशीच नसायच्या. स्लाइड धुतली की होतं नव्हतं ते सगळं वाहून जायचं आणि काचेवर उरायचे बारीक चकचकीत थेंब. ज्या पोराचं नाक वाहतंय म्हणून नमुना घेतला, त्याच्या स्लाइडवर माणसाची एक पेशी सापडू नये?

मी सगळा राग बर्फावर काढला. भिगवणच्या बर्फवाल्याला जाऊन म्हटलं, तुमच्या बर्फाला माशांचं तेल लागतं. तो म्हणाला, "बाई, बर्फ मासळीला लागतो, मासळी बर्फाला न्हाय लागत." यात काय फरक आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण तो ज्या ठसक्यात म्हणाला त्यानं मी पेटी उचलून परत फिरले. बर्फ बारामतीहून न्यायला लागलो. पेटी गरम पाण्यानं घासली. मांजरं यायची थांबली, पण स्लाइडी कोऱ्याच.

संक्रांतीच्या आसपास सर पुण्याहून आले. सर शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच त्यांच्या बोलण्याची जास्त भीती वाटायची. त्यांनी निमगावच्या स्लाइडी बघितल्या, मान हलवली. डाळजच्या बघितल्या आणि चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "अर्धा भाग असा कोरा येत असेल तर या कामाला अर्थ नाही. मायक्रोस्कोप असा एकच आहे. पुण्यात त्याला रोज काम आहे. पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा मला एवढंच बघायचंय की त्या गावांतलं आजारी मूल आणि त्याचं त्याच दिवशीचं उत्तर, हे इथं जमतं का. नाही जमलं तर यंत्र परत नेऊ. नमुने पुण्याला पाठवत जा, पूर्वीसारखे."

पूर्वीसारखे. ताईंनी मान खाली घातली. मला त्या यंत्राबद्दल इतकं वाटत होतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. माझी नोकरी जाईल, हे खरं तर नंतर सुचलं. आधी डोळ्यांपुढे आली ती पुण्याहून येणारी उशिराची पाकिटं. सर गेल्यावर ताई म्हणाल्या, "तू आजवर नमुन्यांची वाट बघत इथं बसलीस. आता एकदा जीपमधून जाऊन तर बघ." मी मनात म्हटलं, बघायचंय काय, नाक तर नाकच असतं. तरी गेले.

उसाचे दिवस होते. रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पुढं सरकेनात. डाळजला पोचायला आम्हांला उशीर झाला, आणि त्याबद्दल मी आजही उसाची ऋणी आहे. कारण जीप उशिरा आल्यानं गावाची तयारी पुरी झालेली मला दिसली. पहिल्याच घरात शिरले आणि थक्क झाले. खोकणारं पोर म्हणून ज्याला आमच्यापुढं आणलं ते बाळ नव्हतं, बाळकृष्ण होता. ऊन पाण्यानं न्हाऊ घातलेलं, डोळ्यांत काजळ, गालावर तीट, तोंडाला पावडरीचा थर, अंगावर जावळाच्या वेळचं झबलं. आणि नाक? नाक असं लख्ख, की आतून बाहेरून तेलानं नुसतं चमकत होतं. त्याच्या आईनं अभिमानानं सांगितलं, "लई गळत हुतं ओ सकाळपातूर. लसणीचं तेल कोमट करून सोडलं, पुसून काढलं, पुन्यांदा सोडलं. आता बघा कसं झालंय."

मी बघितलं. कसं झालंय ते मला महिनाभर दिसतच होतं, काचेवर, चकचकीत थेंबांच्या रूपात. मला हसू आवरेना. ते हसू कौतुकाचं आहे असं वाटून तीही हसली.

दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्या घरात तेच. निरोप गेला की गावातल्या झाडून सगळ्या शेंबड्या पोरांची नाकं धुतली जायची. निमगावच्या बाजारात बायकांना तेवढा वेळ मिळायचा नाही, एवढाच काय तो फरक. आमचा निरोपच आमच्या मुळावर उठला होता.

मी एका घरी सांगून बघितलं, की पुढच्या वेळी नाक पुसू नका. त्या घरातल्या बाई उसाच्या चांगल्या बागायतदाराच्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजी? पाव्हणं येणार आन आमी शेंबडी पोरं घिऊन हुबं ऱ्हायाचं? लोकं काय म्हनतील, हिला पोराचं नाक पुसायचीबी अक्कल न्हाय?" आणि त्यांचं काय चुकलं? माझ्या आईनं तरी काय केलं असतं? पाहुणे येणार म्हटल्यावर तिनं माझंही नाक डोळे दिपेपर्यंत रगडलेलं मला आठवत होतं. ज्या बाईचं पोर शेंबडं तिचं घर वाईट, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तिथं मी परकी मुलगी जाऊन म्हणणार, पुसू नका? त्यापेक्षा सरळ शिवी दिलेली बरी.

शेवटच्या घरी एक आजी होत्या. वस्ती गावापासून जराशी लांब, दारात दोन शेळ्या, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं घोंगडं. मी घोंगड्याकडे बघितलं आणि मला माझं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमच्याही घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडील साखर कारखान्यात लागले आणि कळप विकला गेला, पण आजोबांचं घोंगडं अजून आमच्या माळ्यावर आहे. आजींच्या घरीही तसंच, मुलगा आता ट्रॅक्टर चालवायचा. त्यांची सून, विशीतली असेल, तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोराला नुसती सर्दी होती, आणि ती आता लसणीच्या तेलात बुडाली होती. सून एक अक्षर बोलत नव्हती. आजीच बोलत होत्या, सगळ्यांच्या वाटचं.

मी म्हटलं, "आजी, मेंढरू शिंकाय लागलं तर तुमच्याकडं कोण बघायचं?"

"आमचं मालक. त्यांचा हात लई चांगला. नाक बघून सांगायचं, ह्याला नुसती थंडी बाधलीया, आन ह्याला बाजूला काढा, न्हायतर समद्यांस्नी लागंल."

"मग त्यांना दाखवायच्या आधी तुमी मेंढराचं नाक पुसायचात?"

आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू पोरगी शिकली पण वाया गेली. "नाक पुसल्यावर त्यास्नी दिसायचं काय, माझं कपाळ? पातळ हाय का घट, पिवळं हाय का पांढरं, त्यावरच तर समदं. एकदा माझ्या जावंनं पुसलं हुतं, तर मालक असं वराडलं तिच्यावर..." आणि त्या थांबल्या. सुनेच्या मांडीवरच्या तेलकट नाकाकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या, नाकातून नमुना घ्यायच्या नळीकडे. मग इतक्या जोरात हसल्या की शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"आगं बया! म्हंजी तू मेंढराचंच काम करतीस की!"

"तेच करते आजी. फक्त मेंढरं दोन पायांची."

"मग हे आदी का न्हाय सांगितलं? इतकं दीस आमी तेल घालवलं!" त्यांचा निम्मा जीव तेलात अडकला होता. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का गं? आजारी पडलं तर ह्यास्नी दाखवूस्तवर नाकाला हात लावायचा न्हाय. पाव्हणा इऊ दे न्हायतर पंतप्रदान इऊ दे. ह्या बाईनं पुस म्हनल्याबिगर पुसायचं न्हाय." सुनेनं नुसती मान हलवली. मला वाटलं, सासूबाईंच्या धाकानं हलवली.

त्यानंतर आम्ही निरोप पाठवणं बंद केलं नाही, निरोप बदलला. आता निरोप आमचा नसायचा, आजींचा असायचा. दूधगाडीवाला येऊन सांगायचा की आजींनी वस्तीवस्तीवर जाऊन बायकांना दम भरलाय. काहींना पटलं, काहींना पटलं नाही. बागायतदारीण बाई शेवटपर्यंत बधल्या नाहीत, त्यांच्या नातवाच्या स्लाइडीवर मला दर खेपेला पावडर सापडायची, आणि तीही भारीतली. पण चार स्लाइडी कोऱ्या आल्या तर आता दोनेक चांगल्या यायला लागल्या. मी त्या ताईंना हात धरधरून दाखवायला न्यायचे. ताई म्हणायच्या, "सरांना एवढं पुरेल?" मला माहीत नव्हतं. सरांना गावातलं आजारी मूल आणि त्याच दिवशीचं उत्तर बघायचं होतं, आणि अजून त्या पट्ट्यातलं खरंच धाप लागलेलं पोर आमच्याकडे आलंच नव्हतं. येऊ नये अशीच कुणाचीही इच्छा असणार. माझी पण. तरी माझ्या मनात काय काय येऊन जायचं ते मी इथं लिहीत नाही.

सर आले ते जीपमागे मायक्रोस्कोपचं ते लाकडी खोकं बांधूनच. त्यांनी चांगल्या स्लाइडी बघितल्या, "सुधारणा आहे" म्हणाले. म्हणजे काय ते कळायला मार्ग नव्हता. खोकं व्हरांड्यात ठेवलं गेलं, भुसा तयार होता. ताई सरांना चहा देत होत्या आणि मी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपच्या अंगावरची धूळ पुसत बसले होते, जी तिथं बिलकुल नव्हती.

तेवढ्यात बाहेर धावपळ झाली. मी बाहेर आले. आजींची सून दारात उभी होती, तिच्यामागे तिचा नवरा. पदराखाली पोर. ताईंनी पदर बाजूला केला आणि मी बघितलं. तेच बाळ, पण छाती भात्यासारखी चाललेली, बरगड्यांखाली खड्डे, ओठ फिकट. आणि नाकापासून हनुवटीपर्यंत शेंबूड, ओला, वाळलेला, गालांवर पसरलेला. इतकं घाण पोर त्या दवाखान्यात मी कधी बघितलं नव्हतं.

ताईंनी नळी घातली, नमुना माझ्या हातात दिला, नाकपुड्या मोकळ्या करून लगेच ऑक्सिजन लावला. हे सगळं होत असताना नवऱ्याची टकळी चालू होती. माणूस घाबरला की असंच बोलतो. "फाटंपासनं धाप लागलीया. आईनं सांगितलं, थेट बारामतीला जा. भिगवणला गाडी बदलली. आख्ख्या एसटीनं हिला बोल लावला ओ. कंडक्टर म्हनला, बाई, पोराचं नाक तरी पुसा. एक म्हातारी तर सोताचा पदर घिऊन पुसायला उटली. मीबी म्हनलं, आगं पूस की, लोकं बघायला लागली. तर हिनं पोर फिरवलं खिडकीकडं आन बसली तशीच. एक शबूद न्हाय." मी तिच्याकडे बघितलं. ती बाकाच्या टोकावर बसली होती, नजर खाली, कान लाल झालेले.

मला बोलायला वेळ नव्हता. नमुना धुतला, स्लाइडवर घेतला, वाळवला, औषध टाकलं. वीज जाऊ नये म्हणून मी ज्या ज्या देवांना बोलले त्यातले काही आमच्या घरचे नव्हतेच. वीज राहिली. सर आत येऊन माझ्यामागे उभे राहिले. मी डोळा लावला. पेशी. गच्च पेशी, काठोकाठ. आणि त्यातल्या कितीतरी हिरव्या, कोवळ्या हरभऱ्याच्या शिवारागत. मी उठून सरांना खुर्ची दिली.

सर बराच वेळ बघत राहिले. स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मग बाहेर जाऊन ताईंना म्हणाले, "विषाणू आहे. शंकाच नाही." ताईंनी भरून ठेवलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं. बाळाला इतर पोरांपासून लांबच्या खाटेवर हलवलं. आईला सांगितलं, धाप जरा उतरली की थोडं थोडं दूध पाज, ऑक्सिजन चालू राहील, दोन रात्री जड जातील पण पोर निभावेल. दुपारचं जेवण अजून झालं नव्हतं. जे उत्तर पुण्याहून येईपर्यंत पोर रांगायला लागायचं, ते आज जेवणाआधी आलं होतं. सर व्हरांड्यात गेले, खोक्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हे रिकामंच परत न्या. इथं अडगळ होतेय." एवढंच. आमच्या सरांना याहून जास्त आनंद व्यक्त करता यायचा नाही. ताई माझा हात दाबून धरून उभ्या होत्या, आणि मी रडत होते. रडू का येतंय ते मला माहीत होतं आणि ते कुणी बघितलं तरी चालणार होतं.

डोळे पुसून मी खाटेजवळ गेले. बाळाची धाप अजून होती, पण ओठांचा रंग परत येत होता. सून खाटेच्या कडेला बसली होती, पोराचा पाय मुठीत धरून. मी तिला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं, सावकाश, की इंजेक्शनाची गरज नाही, की उत्तर मिळालंय, की तिच्या पोरामुळे यंत्र इथंच राहणार आहे. मला वाटलं, ती विचारेल, पोर कधी बरं होईल, घरी कधी सोडाल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वर बघितलं. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बाळाच्या गालावरचं ते वाळलेलं तसंच होतं. तिनं हातात पदराचं टोक आधीच ओलं करून धरलं होतं, कधीपासून कोण जाणे.

"बाई," तिनं विचारलं, "आता पुसू का?"